अनवाणी कोबी

साल दोन हजार बावीस. पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी मे महिन्यात सरकारनं रस्त्यावरचे मास्क काढायला परवानगी दिली आणि ऑक्टोबरात आमच्या बामगोल गावच्या लोकांनी आपण होऊन बूटही काढले.

नगरपालिकेनं गावामागच्या टेकडीवरची पायवाट खणली, तिच्यात लाल चिकणमाती भरली आणि पायथ्याशी पाय धुवायला बारा नळ बसवले. उद्घाटनाला आलेल्या महापौरांनी फोटोपुरते मोजे काढले आणि गाडीत बसून परत घातले. लोकांनी मात्र काढले ते काढलेच. पहाटे साडेपाचपासून वाटेवर रांग. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, हात पाठीमागे बांधलेले, आणि त्या हातांत आपापले बूट. ज्यांना बूट हातात नको असत ते पायथ्याच्या मांडणीवर ठेवत. तिथे दोनशे जोड, त्यातले दीडशे काळे. दर आठवड्याला कोणीतरी दुसऱ्याचे बूट घेऊन घरी जायचं, आणि ते कळायला चार दिवस लागायचे, कारण बूट घालायची वेळच कोणावर येत नव्हती.

"काय गं, झोप लागली का?" बायका एकमेकींना भेटल्यावर पहिलं हेच विचारत.

"लागली तर! पायाला माती लागली की डोळा लागलाच."

कोणाची पाठ दुखायची थांबली होती, कोणाचं पोट साफ होत होतं, एका गृहस्थांच्या टकलावर म्हणे लव आली होती. स्टेशनजवळच्या एका बाईंचा कर्करोग गेला होता. त्या बाईंना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकीच्या मावसबहिणीनं पाहिलं होतं.

मी सेहेचाळीस सालची. युद्ध संपलं तेव्हा शाळेत जाऊ लागले. आईनं मला काळे रबरी बूट घेतले होते, दोन मापं मोठे, म्हणजे चार वर्षं पुरावेत. ते झिजू नयेत म्हणून आम्ही मुली शाळेपर्यंत अनवाणी जायचो आणि फाटकाशी पाय पुसून बूट घालायचो. त्यामुळे सत्तर वर्षांनी गावातली भली माणसं पुन्हा बूट हातात घेऊन चालताना पाहिली, तेव्हा मला पहिला विचार आला तो हा की देश परत गरीब झाला की काय! आम्ही अनवाणी होतो तेव्हा आम्हाला कोणी निरोगी म्हटलं नव्हतं. उलट वर्षातून एकदा काड्याच्या पेटीत आपापली विष्ठा भरून शाळेत न्यावी लागायची, आणि मग मास्तर भर वर्गात नाव घेऊन कोणाच्या पोटात कुठला जंत निघाला ते वाचून दाखवायचे. "उघड्या पायांतून शिरतात हे, गाढवांनो!" असं ते ओरडायचे. आता त्याच वाटेनं आरोग्य आत शिरतं, असं गावात नव्यानं आलेले नामगुंग गुरुजी सांगत होते.

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा त्या वाटेवर चालत होते. थंड, ओली माती बोटांच्या फटींतून वर येते तेव्हा माणूस सात वर्षांचा होतो. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा चार माणसांत तासभर चालणं हे शंभर हिश्श्यांनी बरं. माझं भांडण मातीशी नव्हतं. ते सुरू झालं पॉलिहाऊसपाशी.

वाटेच्या सुरुवातीलाच एका काकडीवाल्याचं जुनं पॉलिहाऊस होतं. नामगुंग गुरुजींनी ते भाड्यानं घेतलं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात न रंगवलेल्या तागाचे कपडे, केस मागे बांधलेले, आणि पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली. तेरा वर्षं बूट घातले नाहीत, असं सांगायचे. (त्यांची गाडी मात्र पेट्रोल पंपामागे उभी असायची, आणि तिच्यात मागच्या सीटवर लोकरीचं अस्तर लावलेले बूट मी स्वतः पाहिले आहेत.) गावातल्या प्रत्येक म्हातारीला ते "आई" म्हणत. त्यांना साठ-सत्तर आया होत्या.

"आई," ते म्हणत, "बाळाची नाळ कापली की बाळ रडतं. तुमची नाळ या रबरानं कापली. तुमच्या बुटाचा तळ! धरणीमाता खालून हाका मारतेय आणि मध्ये हा रबराचा दरवाजा बंद. मग शरीरात साठतं काय? वीज-विष! साखर म्हणजे काय? वीज-विष. रक्तदाब म्हणजे काय?"

"वीज-विष!" सगळ्या आया म्हणत.

"डॉक्टर सांगतात का हे?"

"नाही!"

"का सांगतील? मातीची पावती फाडता येत नाही ना."

हे फार टाळ्या घ्यायचं. आणि मग यायचं यंत्र.

लाकडी पेटी, तिच्यावर लाल आकडे. पेटीतून दोन तारा निघत. एक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधलेली, दुसरीच्या टोकाला तांब्याची दांडी. दांडी हातात धरली की अंगातलं विष आकड्यात दिसायचं. आकडे वाचायचं काम ग्वाक मास्तरांचं. ग्वाक मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, आवाज खणखणीत. यंत्र पाहिलं की त्यांची मान ताठ व्हायची. आकडा म्हणजे विज्ञान, एवढंच त्यांच्या तीस वर्षांतलं उरलं होतं.

गुरुजी कोणाला कुठे बसा असं कधी सांगत नसत. ते फक्त विचारत, "आज आपल्यात सगळ्यात जास्त कोण थकलंय? कोणाला उबेची गरज आहे?" पुढचं आम्हीच करायचो. आमच्यात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं की खोलीतली सगळ्यात उबदार जागा म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून जायचा, तेव्हा चुलीजवळची जागा. आता विजेवर तापणारी चटई. पॉलिहाऊसमध्येही आतल्या भिंतीशी अशी चटई होती, वर रजई. चार जणी मिळून आजारी बाईला दंडाला धरून तिथे बसवत. धडधाकट बायका नको-नको म्हणत दाराजवळच्या गार ताडपत्रीवर सरकत.

मग दांडी फिरायची.

"दाराजवळ. तीन!" ग्वाक मास्तर पुकारत. "चार! अडीच!" धडधाकट बायका लाजून हसत.

"मधली रांग. अकरा! चौदा!"

आणि मग भिंतीजवळ, आजारी बाईपाशी. सगळे श्वास रोखून.

त्या दिवशी तिथे ओकबुन बसली होती. ओकबुन माझी गेल्या पन्नास वर्षांपासूनची शेजारीण. एकाच वर्षी जन्मलेल्या आम्ही. नवरा गेला, मुलगी तिकडे राजधानीत, सोलला, वीस वर्षं साखर. तळपायांना काही कळत नव्हतं तिला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की घरातसुद्धा मोजे घाल आणि रोज पाय तपास.

"एकेचाळीस!" ग्वाक मास्तरांचा आवाज चिरकला.

"अगं बाई!" सगळ्या ओरडल्या. ओकबुनचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरू नका आई," गुरुजी म्हणाले. त्यांनी तिला स्वतः उठवलं, हात धरून बाहेर नेलं, तिचे मोजे आपल्या हातांनी काढले आणि तिला ओल्या मातीवर उभं केलं. तार लांब होती, दांडी तिच्या हातातच.

"शून्य!" ग्वाक मास्तर म्हणाले. "शून्य पूर्णांक शून्य!"

टाळ्या कडाडल्या. एक बाई रडली. ओकबुनही रडली. आणि मीही, सांगायला लाज वाटते, क्षणभर माझ्या हातांवरचे केस उभे राहिले. एकेचाळीसचं शून्य डोळ्यांदेखत झालं होतं. खोटं कसं म्हणायचं?

थंडीत, घरात किंवा दुकानात माती कुठून आणायची, म्हणून गुरुजींकडे बूटही होते. पातळ, कागदासारख्या तळाचे, पुढे पसरट, तळाला तांब्याचं बटण. किंमत तीन लाख नव्वद हजार वॉन, म्हणजे माझ्या महिन्याच्या पेन्शनहून जास्त. ओकबुननं त्याच दिवशी घेतले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी गावच्या न्हाणीघरात गेलो होतो. दर गुरुवारी जायचो. ती माझी पाठ घासायची, मी तिची. ती पालथी पडली होती, मी तिच्या पोटऱ्या घासत खाली आले आणि थांबले. डाव्या करंगळीच्या मुळाशी भोक होतं, कडेनं काळं-जांभळं. आत काहीतरी टोचत होतं. मी नखांनी धरून ओढलं तर चेस्टनटच्या कवचाचा काटा. बोटाच्या पेराएवढा.

"ओकबुन, हे दुखत नाही तुला?"

"काय?"

"हे!" मी काटा तिच्या नाकासमोर धरला. त्याला वास येत होता.

तिनं काटा पाहिला आणि, मी शपथेवर सांगते, तिचा चेहरा उजळला. "निघालं वाटतं! गुरुजी म्हणालेच होते, आधी उलट गुण येतो. आतलं विष वाट काढतं."

"विष नाही गं बये, काटा आहे. चेस्टनटच्या झाडाचा. तू तुडवलास."

"तुला सगळंच माहीत."

"इन्सुलिन घेतेस ना?"

ती पाणी अंगावर घेत राहिली. "ओकबुन, मी विचारतेय."

"बारा दिवस झाले. परवा शनिवारी शंभर दिवसांचं व्रत सुरू होतंय. थंडीभर अनवाणी, औषध बंद. सगळ्यांनी आपापली औषधं रांजणात टाकायची. मग शंभराव्या दिवशी यंत्रावर बघायचं." ती माझ्याकडे वळली. (मला सगळे मुलाच्या नावानं हाक मारतात.) "थेसॉकच्या आई, तू त्या डॉक्टरीणबाईसारखं तोंड करू नकोस. तिनं माझा आकडा कधी शून्य केलाय का?"

मी तिला हात जोडले, शिव्या दिल्या, तिच्या मुलीला फोन लावीन म्हटलं. ती म्हणाली, लाव. मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली, मावशी, आई माझं कधी ऐकते? तुम्हीच बघा ना. त्या यंत्रानं जे डोळ्यांना दाखवलं होतं, ते आमच्यातल्या कोणाच्याही जिभेला पुसता येत नव्हतं.

मग मी जॉमसुनकडे गेले.

जॉमसुन बाजारात शेवयांची खानावळ चालवते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, जीभ कात्रीसारखी. लग्नाआधी सात वर्षं मासानच्या एका रेडिओ कारखान्यात कामाला होती, तयार रेडिओ मीटर लावून तपासायच्या पट्ट्यावर. तिला मी सगळं सांगितलं. ती कांदा चिरत ऐकत होती.

"ताई, तो आकडा कशाचा? व्होल्टचा?"

"मला काय ठाऊक. विषाचा."

"हं." तिनं सुरी पुसली आणि दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून पॉलिहाऊसमध्ये जाऊन बसली. सांधे धरलेत म्हणून इतकी कण्हली की बायकांनी तिला उचलून भिंतीजवळ नेलं. आकडा आला अडतीस. मग लघवीला म्हणून उठली, परत येऊन दाराशी बसली, आणि म्हणाली, "गुरुजी, परत बघता का? बाहेर सिमेंटवर गेले होते, बुटात." आकडा आला तीन.

"आई, तुमची श्रद्धा काम करतेय!" गुरुजी म्हणाले.

"हो ना," जॉमसुन म्हणाली. "चार पावलांत."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. अंगणात माझ्या चाळीस कोबी होत्या, किमचीच्या लोणच्यासाठी आणलेल्या. "उद्या मिठात घालणार ना? त्यातली एक मला दे. मोठी बघून. आणि तुझं ते पितळी घमेलं दे."

"कशाला?"

"आजारी आहे ती. गुरुजींना दाखवायचाय." एवढं बोलून ती घमेलं डोक्यावर घेऊन गेली.

शनिवारी सकाळी पॉलिहाऊसमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध सोयासॉसचा मोठा रांजण, त्याला पांढरी फीत. गुरुजी बोलले, आया बोलल्या. मग एकेक जण येऊन रांजणात औषधं टाकू लागला. रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्यांच्या गोळ्या, एका आजोबांनी हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं ओतली. प्रत्येकाला टाळ्या. ओकबुन भिंतीजवळ उबेत बसली होती, सगळ्यात आजारी म्हणून, मांडीवर इन्सुलिनची पिशवी. डावा पाय रजईखाली लपवलेला. तिची पाळी शेवटची होती. मोठा आकडा शेवटी, म्हणजे शेवट रंगतो.

"एकेचाळीस होते, आज त्रेचाळीस!" ग्वाक मास्तर पुकारले. "आई, पिशवी आणा!" गुरुजी म्हणाले.

ओकबुन उठू लागली. तेवढ्यात दारातून जॉमसुनचा आवाज आला.

"सरका, सरका! आजारी माणूस आहे! वाट द्या!"

गर्दी सवयीनं बाजूला झाली. जॉमसुन आत आली. डोक्यावर माझं पितळी घमेलं, त्यात मिठात भिजलेली कोबी, पानं चारी बाजूंना लोंबणारी.

"हे काय?" गुरुजी म्हणाले.

"कालपासून अंग टाकलंय हिनं. धरून उठवली तरी मान टाकते. बघा ना."

हशा पिकला. गुरुजीही हसले, त्यांना हसणं भाग होतं. "आई, भाजीत विष नसतं. कोबी जन्मभर मातीत उभी असते, अनवाणी! ती तर धरणीची लाडकी लेक."

"नक्की नसतं?"

"शून्य."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" जॉमसुननं विचारलं. "ग्वाक मास्तर, तुम्हीही ऐकलंत?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले.

"ओकबुनताई, जरा सरक. आजाऱ्याला जागा दे." आणि ओकबुनही, जन्मभराची सवय, सरकली. जॉमसुननं रजई बाजूला केली, घमेलं चटईवर ठेवलं आणि गुरुजींचा हात पोचायच्या आत तांब्याची दांडी कोबीच्या गाभ्यात खुपसली.

ग्वाक मास्तरांनी आकड्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

"वाचा ना मास्तर. आम्हाला इथून दिसत नाही."

"ए... एकोणपन्नास."

मग मागून कोणीतरी म्हातारी म्हणाली, "बिचारी! ओकबुनपेक्षा जास्त साखर आहे हिला," आणि पॉलिहाऊसचं प्लास्टिक हादरेल असे लोक हसले.

"यंत्र बिघडलंय," गुरुजी म्हणाले. "मिठामुळे... मीठ हे नकारात्मक..."

"यंत्र चांगलं आहे हो," जॉमसुन म्हणाली. "गरीब खरंच बोलतंय. आता बघा, हिला औषध देते." ती खाली वाकली, रजईखालून तार ओढत भिंतीपर्यंत गेली आणि चटईचा प्लग उपटला.

"मास्तर?"

"दोन," ग्वाक मास्तर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बरी झाली. मातीत गेली नाही, बूट काढले नाहीत, तरी बरी." तिनं प्लग लावला. "आता?"

"अठ्ठेचाळीस."

"परत आजारी." उपटला. "आता?"

"दोन."

"बरी. आजारी. बरी. कोणाला आणखी बघायचंय?"

इथे ग्वाक मास्तरांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. ते लाल झाले होते, घाम फुटला होता, पण ते पुढे आले आणि म्हणाले, "एका कोबीवरून निष्कर्ष काढता येत नाही. मी बसतो." ते स्वतः चटईवर बसले, रबरी सपाता घालून, दांडी धरून. प्लग लावला: चाळीस. काढला: तीन. मग ओकबुन बसली. लावला: त्रेचाळीस. काढला: दोन. मग त्यांनी रजई पूर्ण वर उचलली. खाली एकावर एक दोन चटया होत्या, दोन्ही चालू. दाराजवळ ताडपत्रीखाली एकही नव्हती.

"तीस वर्षं," मास्तर स्वतःशी म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना सांगत होतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि इथे जागाही बदलत होती, पायही, आणि मी नुसता आकडे ओरडत होतो."

जॉमसुननं समजावलं, कोणालाही कळेल असं. "चटईत दोनशे वीस व्होल्टची तार नागमोडी फिरवलेली असते. वर प्लास्टिक असतं म्हणून झटका बसत नाही. पण वर जे कोणी बसेल, बाई असो, कोबी असो, पातेलं असो, त्याच्यात त्या विजेचा ओझरता अंश उतरतो. त्यानं इजा नाही, रोग नाही. ओल्या मातीवर पाय टेकला की तो जमिनीत जातो. आकडा शून्य. साखर तिथल्या तिथे, गुडघे तिथल्या तिथे. कारखान्यात थंडीत आम्ही पोरी स्टुलावर विजेची गादी लपवून ठेवायचो, तर सगळ्या रेडिओंची मापं चुकायची. फोरमन आमच्या नावानं बोंबलायचा. मी भिंतीजवळ बसले तेव्हाच ओळखलं की आजार माझ्यात नाही, माझ्या बुडाखाली आहे."

"आणि आजाऱ्याचाच आकडा मोठा कसा यायचा?" कोणीतरी विचारलं.

"कारण आजाऱ्याला उबेत कोण बसवायचं? तुम्हीच ना!"

गुरुजी आता पुरते बदलले होते. "मी कोणाला औषध सोडा म्हटलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही आपापल्या मर्जीनं टाकलंत." हे खरं असावं, कायद्याच्या भाषेत. लोक रांजणाकडे धावले. हृदयवाले आजोबा कमरेपर्यंत आत वाकले होते. दोघांनी त्यांना पट्ट्याला धरून ठेवलं होतं.

या गोंधळात ओकबुन तिथेच बसून होती, पिशवी छातीशी.

"मग माझ्या पायात आहे ते काय?" तिनं मला विचारलं.

मी तिच्यासमोर बसले. "पू आहे, ओकबुन. साखर आहे आणि पू आहे. उठ."

ती उठली. रिक्षासारखा छोटा टेम्पो होता काकडीवाल्याचा, त्यात कोबीशेजारी बसून आम्ही तालुक्याच्या इस्पितळात गेलो.

डॉक्टरांनी करंगळी काढली. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून पाय गेला असता. ओकबुन तीन आठवडे पडून होती. मी रोज जायचे, तिला रागवायचे. एके दिवशी ती म्हणाली, "बस कर आता. तुला ठाऊक आहे का, तो माणूस माझे मोजे काढायचा. हातांनी. आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं जातेय, ती बाई संगणकाच्या पडद्याकडे बघते आणि गोळ्या लिहिते. मुलगी फोनवर विचारते, पाय कसा आहे. त्यानं माझा पाय हातात घेतला, थेसॉकच्या आई. खोट्या माणसानं घेतला, पण घेतला."

शेजारीण म्हणून मीही त्या दिवसापर्यंत दर गुरुवारी तिची पाठच घासत होते, पाय नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अनवाणी चाला, पातळ तळाचे बूट घाला, जाड घाला, पायांना जे सुख वाटेल ते करा. चालणं चांगलंच आहे, आणि ते चालण्यामुळे चांगलं आहे. पण कोणी आकडा दाखवला तर आकड्याला हात जोडू नका. तोच आकडा कोबीवर येतो का बघा, जागा बदलून बघा, प्लग काढून बघा. जो माणूस बघू देत नाही, त्याला काय लपवायचंय ते विचारा. आणि आपल्या माणसाचे पाय आपण तपासा, म्हणजे दुसरा कोणी येऊन तपासणार नाही.

नामगुंग गुरुजींचं पॉलिहाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं होतं. पुढच्या वर्षी ते पूर्वेच्या किनाऱ्यावर दिसले, वाळूत लोकांना गळ्यापर्यंत पुरताना. तिथे बूट औषध म्हणून विकल्याबद्दल त्यांना दंड झाला. आता काय पुरतात ठाऊक नाही.

ग्वाक मास्तर शनिवारी शाळेत जातात, फुकट. जुनी विजेची चटई आणि एक मीटर घेऊन सहावीच्या मुलांना प्रयोग दाखवतात आणि प्रत्येक वेळी सुरुवात करतात ती अशी: "मी कसा फसलो ते ऐका." मुलांना हा तास फार आवडतो.

जॉमसुनची खानावळ चालू आहे. त्या कोबीची किमची तिनं स्वतःच घातली, घमेलं मात्र मला अजून परत मिळालेलं नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आता साखरेच्या प्रत्येक रुग्णाला मोजे काढायला लावतात. मी त्यांना पत्र लिहिलं होतं.

आणि ओकबुन. ती रोज सकाळी लाल मातीच्या वाटेच्या तोंडाशी उभी असते. पायात इस्पितळानं दिलेले रुंद, होडीएवढे बूट. त्यांना ती शिव्या देते आणि घालते. नवीन माणूस बूट काढायला वाकला की ती काठी आडवी घालते.

"साखर आहे?"

"आहे थोडी."

"मग घाल परत."

काही जण वाद घालतात. मोबाइलवरचं दाखवतात, मावसबहिणीचं सांगतात. ओकबुन ऐकून घेते. मग बाकावर बसते, डावा बूट काढते, मोजा काढते आणि चार बोटांचा पाय त्यांच्यापुढे धरते. आजवर तिच्यासमोरून साखर असलेलं कोणी अनवाणी पुढे गेलेलं नाही.